जुन्या जीपचा मागचा एक्सल बदलताना

वाचकहो, ज्यांच्या दारात जुनी जीप उभी आहे त्यांच्यासाठी हे पान आहे. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. अशी एखादी जीप गावात असतेच, आणि बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला जाताना आपण तिच्यातच दाटीवाटीने बसतो.

या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या पुष्कळशा इथेतिथे लिलावात निघाल्या. पुढे विलिसने नागरी वापराच्या जीपा काढल्या, आणि मुंबईत महिंद्रांनी त्या जोडायला व नंतर बांधायला सुरुवात केली. उंच बॉनेटची जी जीप आपण खेड्यापाड्यांत पाहतो तिचे मूळ नाव सीजे-३बी. ती अमेरिकेत १९५३ साली आली आणि आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे बनत राहिली. शिवाय डिझेल इंजिनाच्या जीपा आल्या. या सगळ्या बहिणी-बहिणी दिसतात. मागून पाहिले तर एक्सलही सारखेच वाटतात. घोटाळा होतो तो इथेच.

मागचा एक्सल म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी ती आडवी लोखंडी नळी, तिच्यातला डिफरन्शियलचा गोळा, आतले दोन शाफ्ट आणि टोकांचे हब-ड्रम, सगळे मिळून. आपले मिस्त्री यालाच 'हौसिंग' म्हणतात. शब्द कोणताही वापरा, पण दुकानात गेल्यावर आपल्याला अख्खा एक्सल हवा की नुसता शाफ्ट, हे स्पष्ट बोला.

पहिला प्रश्न हाच, की अख्खा बदलायची गरज आहे का? चाकाजवळ एकसारखा घरघर आवाज येतो, गॅस सोडला तरी तो तसाच राहतो, तर बहुधा चाकाचे बेअरिंग गेले आहे. गॅस देताना कण्हते आणि सोडताच आवाजाचा सूर बदलतो, तर क्राऊन-पिनियनकडे पाहा. चाकाच्या आतल्या बाजूला तेल ओघळलेले दिसते, तर सील गेले, किंवा हौसिंगवरची हवा जाण्याची बारीक नळी चिखलाने बुजली. ती बुजली की आत तापलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते आणि ते थेट ब्रेकच्या लायनरवर जाते. अशा दुखण्यासाठी एक्सल बदलणे म्हणजे खुंटा हलला म्हणून गोठा पाडण्यासारखे आहे. नळी वाकली असेल, गोळ्याच्या आतले बेअरिंगचे घर खाल्ले गेले असेल, क्राऊनचे दात उडून त्यांचे तुकडे सगळीकडे फिरले असतील, तर मात्र दुसरा एक्सल शोधावा.

नळी वाकली आहे का हे घरीच पाहता येते. गाडी सपाटीवर उभी करा. मागच्या दोन्ही रिमांच्या आतल्या कडांमधले अंतर, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, एकदा पुढच्या बाजूने आणि एकदा मागच्या बाजूने मोजा. मग गाडी चाकाच्या अर्ध्या फेरीइतकी पुढे ढकलून पुन्हा मोजा, म्हणजे रिम वाकडी असल्याचा गोंधळ होणार नाही. दोन्ही वेळा एकाच बाजूला अंतर कमी भरत असेल तर नळीने मान टाकली आहे असे समजावे. एक टायर एकाच कडेने झिजत असेल, तर हे मोजमाप आजच करा.

आता थोडे समजावून सांगतो, कारण यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

बैलगाडीचा आख आठवा. तो स्वतः फिरत नाही. गाडीचे ओझे आखावर आणि चाक त्याच्याभोवती फिरते. युद्धकाळातल्या जीपच्या मागच्या एक्सलची रचना काहीशी तशीच होती. ओझे नळीवर, चाकाचा हब नळीच्या टोकावर दोन बेअरिंगांवर फिरतो आणि आतला शाफ्ट फक्त चाकाला पीळ देतो. तो शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. मोठ्या ट्रकचे एक्सल असेच असतात. नंतरच्या नागरी जीपांना मात्र वेगळी तऱ्हा आली. तिच्यात शाफ्टच चाकासह फिरतो आणि तोच गाडीचे ओझेही वाहतो. शाफ्टचे टोक निमुळते असते, त्यावर हब घट्ट बसतो, मध्ये एक छोटी चावी आणि बाहेरून एक मोठा नट व त्याची पिन. सीजे-३बीला ही तऱ्हा आहे. हा शाफ्ट बाहेरच्या टोकाला तुटला की चाक ड्रमसकट बाहेर पडते. पळत्या गाडीचे मागचे चाक निघाल्यावर काय होते ते लिहायची गरज नाही.

तऱ्हा ओळखणे सोपे आहे. हबच्या मध्यावर गोल तबकडी आणि तिच्या कडेने सहा बोल्ट दिसले, तर तो पहिल्या प्रकारचा. टोपण काढल्यावर एकच मोठा नट व पिन दिसली, तर दुसऱ्या प्रकारचा.

आता कोणीही म्हणेल, मग सहा बोल्टांचा जुना लष्करी एक्सलच आपल्या जीपला बसवू या, चाक तरी पडणार नाही. विचार चांगला आहे. परंतु इथे दुसरी गोष्ट आड येते, आणि आजच्या पानाचा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे.

प्रत्येक एक्सलच्या गोळ्यात एक लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. आणि एक मोठे, ते क्राऊन. प्रोपेलर शाफ्ट पिनियनला फिरवतो, पिनियन क्राऊनला, आणि क्राऊन चाकांना. चाकाच्या एका फेरीला प्रोपेलरला किती फेऱ्या घ्याव्या लागतात त्याला मिस्त्री 'रेशो' म्हणतात. युद्धकाळच्या जीपला क्राऊनचे दात ३९ आणि पिनियनचे ८, म्हणजे रेशो ४.८८. विलिसच्या नागरी जीपांना, आणि सीजे-३बीलाही, क्राऊनचे दात ४३ आणि पिनियनचे ८, म्हणजे ५.३८. पिनियन दोन्हीकडे आठच दातांचे आहे हे लक्षात ठेवा. दुकानदार पिनियनचे दात मोजून "सेम टू सेम आहे" म्हणाला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. डिझेल जीपांत तर याहून कमी रेशोचेही एक्सल आढळतात, कारण डिझेल इंजिन थोड्या फेऱ्यांत चालते आणि त्याला रस्त्यावर वेग हवा असतो.

गाडी दोनच चाकांवर चालणारी असती तर या फरकाने फारसे बिघडले नसते. घाटात इंजिन थोडे दमले असते, सपाटीवर थोडे आरामात पळाले असते, आणि वेगाचा काटा चुकला असता. ५.३८ च्या जागी ४.८८ बसवला तर काटा ४५ दाखवील तेव्हा गाडी जवळजवळ ५० ने पळत असेल. पण जीप चार चाकांवर चालते. फोर व्हीलचा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा प्रोपेलर एकमेकांना बांधले जातात आणि दोघांनाही सारख्याच फेऱ्या घ्याव्या लागतात. आता पुढचा एक्सल ५.३८ चा आणि मागचा ४.८८ चा असेल, तर मागची चाके १० फूट जाऊ पाहतात तेव्हा पुढची जेमतेम ९ फूट जाऊ पाहतात. एकाच जुवाला एक झपाझप चालणारा आणि एक रेंगाळणारा बैल जुंपला तर मानेला जे होते, तेच इथे लोखंडाला होते.

पाणथळ शेतात, वाळूत, चिखलात हा ताण चाके घसरून निघून जातो, म्हणून कित्येक दिवस काही कळत नाही. कोरड्या, पक्क्या रस्त्यावर चाके घसरत नाहीत. मग ताण प्रोपेलरच्या क्रॉसमध्ये, ट्रान्सफर केसच्या दातांत आणि पुढच्या शाफ्टमध्ये साठत जातो. पहिली खूण म्हणजे फोर व्हीलचा दांडा परत निघत नाही. त्यावर हातोडा मारणारे महाभाग आहेत. दुसरी खूण म्हणजे टायर लवकर झिजणे. तिसरी खूण म्हणजे मोडतोड, आणि ती नेमकी ओढ्याच्या चढावर होते, कारण फोर व्हील आपण तिथेच टाकतो.

तेव्हा जुन्या जीपसाठी एक्सल आणायला निघालात तर दोन आकडे खिशात असू द्या. एक आपल्या गाडीच्या पुढच्या एक्सलचा रेशो, दुसरा दुकानात ठेवलेल्या मागच्या एक्सलचा. पुढचा तोच असणार असे गृहीत धरू नका. पन्नास वर्षांत गाडी चार मालकांच्या हातून गेलेली असते. मधल्या कोणी काय बदलले हे आरसी बुकात लिहिलेले नसते.

रेशो मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. एक खडू आणि शाळेत जाणारे एक पोर पुरे. एक्सल जमिनीवरून उचललेला किंवा दुकानात मोकळा पडलेला असावा. एका टोकाचे चाक किंवा हब दोरीने पक्के बांधा, फिरता कामा नये. पिनियनच्या तोंडाशी खडूची खूण करा, दुसऱ्या हबवर दुसरी खूण. आता मोकळा हब हाताने बरोबर २० फेऱ्या फिरवा आणि पोराला पिनियनच्या फेऱ्या मोजायला सांगा. एक बाजू बांधलेली असल्यामुळे एका हबच्या २० फेऱ्या म्हणजे क्राऊनच्या १० फेऱ्या. पिनियनच्या सुमारे ५४ फेऱ्या भरल्या तर रेशो ५.३८. सुमारे ४९ भरल्या तर ४.८८. दोनच फेऱ्यांवर मोजले तर साडेपाच की पाच, असा वाद होत बसतो, म्हणून २० सांगितल्या. पुढच्या एक्सललाही हीच रीत, मात्र फोर व्हीलचा दांडा काढलेला हवा, आणि पुढच्या हबला मोकळे करण्याची टोपी असेल तर ती 'लॉक' करून घ्यावी. कव्हरच्या एका बोल्टखाली कधी कधी आकडा ठोकलेली पत्र्याची चकती सापडते. सापडली तर उत्तम, पण मोजल्याशिवाय राहू नका. कव्हर निघते तसे परत लागते, पण चकती कोणत्या गाडीची लागली ते कोण सांगणार?

मग लष्करी एक्सल घ्यायचाच असेल तर काय करावे? माझे मत सांगतो. त्याच जीपचा पुढचाही एक्सल मिळत असेल तर जोडी घ्यावी आणि पुढे-मागे दोन्ही बदलावे. दोन्ही ४.८८ झाले की भांडण मिटले. इंजिनाला चढावर थोडे जड जाईल, हे मात्र मान्य करावे लागेल. जोडी मिळत नसेल तर आपल्याच जातीचा ५.३८ चा दुसऱ्या तऱ्हेचा एक्सल घ्यावा आणि त्याचे शाफ्ट, चाव्या व निमुळती टोके नीट तपासून बसवावीत. "फोर व्हील आम्ही टाकतच नाही" म्हणून वेगळा रेशो चालवून घेणारे लोक आहेत. त्यांनी निदान पुढचा प्रोपेलर काढून घरात ठेवावा. एरवी एक दिवस पाहुणा गाडी चालवायला बसतो आणि उत्साहाने दांडा टाकतो.

हाच न्याय टायरलाही लावा. मागे मोठे आणि पुढे लहान टायर बसवले तर रेशो सारखा असूनही चाकांची चाल जुळत नाही.

रेशो जुळला म्हणजे सगळे जुळले असे नाही. जुन्या जीपचा गोळा नळीच्या मध्यावर नसतो, एका अंगाला सरकलेला असतो. ट्रान्सफर केसमधून प्रोपेलर त्याच अंगाला निघतो म्हणून. मध्यावर गोळा असलेला दुसऱ्या गाडीचा एक्सल बसवला तर प्रोपेलर तिरपा पळतो आणि क्रॉस खातो. पाटे ज्या बैठकांवर बसतात त्या दोन बैठकांमधले अंतर मोजा. बैठका कापून पुन्हा वेल्ड केलेल्या असतील तर पिनियनचे तोंड वर-खाली झुकलेले नाही ना, हे पाहा. ड्रमचा व्यास, लायनरची रुंदी आणि ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे माप दोन्ही बाजूंना सारखे हवे. एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरेच, असे जोडकाम भंगारबाजारात पुष्कळ दिसते. पिनियनचे तोंड हाताने इकडून तिकडे हलवून ढिलाई पाहा. तळाचा बूच उघडायला लावा. तेल दुधासारखे पांढरे निघाले तर पाणी शिरले होते. बोटाला चमकी लागली तर दात झिजले आहेत. दात निळसर झालेले असतील तर तो एक्सल तापून निघाला आहे, स्वस्त मिळाला तरी नको.

पावती घ्यायला लाजू नका. दिल्लीचे मायापुरी असो, मुंबईचे कुर्ला असो की आपल्या तालुक्याचे भंगारवाले, जुना भाग कुठल्या गाडीचा हे कागदावर आलेले बरे. आणि घरातल्या ज्या माउलीकडे हिशेबाची वही असते, तिने एक्सलच्या किमतीपुढे आणखी काही ओळी आधीच ओढून ठेवाव्यात: टेम्पोचे भाडे, दोन्ही बाजूंचे सील, बेअरिंग, नवे यू-बोल्ट, ब्रेकची रबरी नळी, गिअर ऑइल, मिस्त्रीची मजुरी. या ओळी पुष्कळदा मूळ किमतीला गाठतात. आधी कळल्या म्हणजे अर्धवट खोललेली गाडी दिवाळीपर्यंत अंगणात पडून राहत नाही.

आता खोलण्याकडे वळू. हे काम मिस्त्रीने करावे, पण घरच्यांनी जवळ उभे राहून पाहावे, कारण काही गोष्टी घाईत सुटतात.

सगळ्यांत आधी हँडब्रेकचे. या जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलरच्या सुरुवातीला एका छोट्या ड्रमवर लागतो. म्हणजे प्रोपेलर सोडला की मागच्या चाकांना हँडब्रेक उरत नाही. मागचे एकच चाक जॅकवर उचलले तरी तीच गत होते, कारण डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे पुढे सरकते. हँडब्रेक ओढला आहे म्हणून निर्धास्त गाडीखाली शिरणाऱ्याला हे माहीत नसते. शाफ्ट तुटलेली गाडी उतारावर नुसत्या हँडब्रेकवर उभी करणेही तितकेच धोक्याचे. तेव्हा सपाट, टणक जागा निवडा, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावा आणि चासीखाली भक्कम लोखंडी घोड्या द्या. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नाही. विटा तर मुळीच नकोत, वीट सांगून फुटत नाही.

चाकाचे नट सोडताना आणखी एक गंमत आहे. जुन्या विलिस जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पोरगे पान्यावर उभे राहून जोर लावते आणि नट आणखीच आवळतो, शेवटी स्टड तुटतो. आणलेला एक्सल नंतरच्या काळातला असेल तर त्याचे आटे सरळही असू शकतात. बसवल्यावर डाव्या ड्रमवर रंगाने बाण काढून ठेवा, पंक्चरवाल्याचे आशीर्वाद मिळतील.

निमुळत्या टोकावरचा हब काढायला पुलर लागतो. त्याची पकड वर्षानुवर्षांची असते, आणि सुटते तेव्हा बंदुकीसारखा बार होतो. म्हणून मोठा नट पूर्ण काढू नये, चार-पाच आटे राहतील इतकाच ढिला करावा. मग हब सुटला तरी नटाला अडतो. पुलरच्या समोर कोणी उभे राहू नये, पोरांना तर अंगणाबाहेर काढावे. शाफ्टच्या टोकावर घण घालून हब काढणारे मिस्त्री भेटतात. त्या घणाने आतली बेअरिंगे मार खातात. पुलर नसेल तर तालुक्याहून मागवावा, एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

पुढे ब्रेकची नळी सोडून तिचे तोंड स्वच्छ बुचाने बंद करायचे, प्रोपेलर सोडताना त्याच्या सरकत्या सांध्यावरच्या दोन बाणांच्या खुणा पाहून ठेवायच्या आणि यू-बोल्ट काढायचे. या जीपांत हौसिंग पाट्यांच्या वर बसलेले असते, त्यामुळे पाट्यांची मागची टोके सोडली की एक्सल मागे ओढून घेता येतो. चार माणसे असावीत. बसवतानाही हाच क्रम उलटा. पाट्यांच्या मधल्या बोल्टचे डोके बैठकीच्या भोकात बरोबर बसले का, हे बोटाने चाचपून मगच यू-बोल्ट आवळावेत. ते बाहेर राहिले तर एक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. प्रोपेलरच्या सांध्यावरचे बाण समोरासमोर यायला हवेत, नाहीतर गाडी ठराविक वेगाला थरथरते. नव्या एक्सलचे पिनियन लांब किंवा आखूड असेल तर गाडी ओझ्याखाली दबल्यावर सांधा आत टेकत नाही ना, आणि मोकळी असताना निसटण्याइतका बाहेर येत नाही ना, तेही पाहावे.

हबच्या आतली निमुळती बाजू आणि शाफ्टचे टोक कोरडे, स्वच्छ पुसून बसवावे. तिथे ग्रीस लावण्याची काही जणांची सवय वाईट आहे. हब खरा पकडतो तो त्या निमुळतेपणावर, चावी केवळ जोडीला असते. चावी झिजलेली असेल तर नवी घाला, तिची किंमत काय असते! नट पूर्ण ताकदीने आवळून पिनचे भोक जुळले नाही, तर तो आणखी पुढे आवळावा, मागे सोडून भोक जुळवू नये. शाफ्टची आत-बाहेरची किंचित हालचाल पत्र्याच्या पातळ चकत्यांनी, म्हणजे शिमांनी, जुळवलेली असते. त्या चकत्या फेकू नका. तेल ९० नंबरचे, हायपॉइड दातांसाठीचे ईपी गिअर ऑइलच घालावे, ते भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. इंजिनाचे काढलेले काळे तेल इथे घालणे म्हणजे महागडा एक्सल आणून उपाशी ठेवणे. हवेची नळी फुंकून मोकळी आहे हे पाहावे. ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर नेऊ नये.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, दहा-बारा किलोमीटरची, बेताच्या वेगाने. थांबल्यावर दोन्ही हब आणि गोळा यांना हात लावून पाहा. कोमट असावेत. हात टिकत नसेल तर काहीतरी घट्ट बसले आहे. मग एखाद्या ओल्या शेतात फोर व्हील टाकून शंभर पावले सरळ जा, आणि दांडा परत काढा. एका बोटाने निघाला तर रेशो जुळला. दोनशेएक किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट, चाकाचे नट आणि हबचा मोठा नट पुन्हा आवळून घ्या. नवा एक्सल बसला म्हणून ओझे वाढवू नका. लष्कराने या गाडीला 'पाव टनाचा ट्रक' म्हटले होते. वडापला मागे बारा माणसे आणि टपावर चार पोती, हा हिशेब त्या पाव टनात कसाही बसत नाही. शाफ्टची निमुळती टोके तुटतात ती पुष्कळदा या हिशेबामुळेच.

कागदपत्रांबद्दल दोन शब्द. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, आणि नंबरात 'व्हीए' अक्षरे. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्याचसाठी ती बाहेर काढायची. तेव्हा जिला रोज दुधाचे कॅन घेऊन डेअरीवर जायचे आहे, त्या जीपच्या मालकाने त्या वाटेला जाऊ नये. नेहमीची फेरनोंदणी दर पाच वर्षांनी करावी. ज्यांना आजोबांची जीप जपून ठेवायची आहे, त्यांना मात्र मूळ भाग जितके राहतील तितके चांगले.

म्हणून काढलेला एक्सल लगेच किलोच्या भावाने देऊ नका. आमच्याकडे जुन्या एक्सलवर टायरची बैलगाडी बांधून घेण्याची पद्धत आहे, आणि सुतार-लोहार त्यासाठी मागायला येतातच. देण्यापूर्वी चांगल्या बाजूचा शाफ्ट, हब, ड्रम, चाव्या आणि मोठे नट काढून घ्या, ग्रीस चोपडून गोणपाटात गुंडाळा आणि वर खडूने बाजू लिहा, डावी की उजवी. दोन्ही शाफ्टची लांबी सारखी नसते.